इंजिन नवे, पुनर्निर्मित की बांधलेले?
स्पोर्ट्स कारच्या मालकांपुढील पेच. किमतीइतकेच मोजमाप आणि कागदपत्रेही महत्त्वाची

पुणे : खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आल्याने २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीसह नदीकाठच्या अनेक सोसायट्यांच्या आवारात पाणी शिरले. राजाराम पुलाच्या एका बाजूला सिंहगड रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कर्वेनगर. तळमजल्यावर मोटारी उभ्या करणाऱ्या या पट्ट्यातील रहिवाशांना पुराने एक वेगळाच प्रश्न शिकवला. गाळ धुता येतो, आसने वाळवता येतात. पण आत पाणी गेलेल्या इंजिनाचे करायचे काय?

हा प्रश्न केवळ पुराने उद्‌भवत नाही. शीतक द्रव गळून इंजिन तापणे, टायमिंग बेल्ट तुटणे, ऑइलची पातळी पाहण्यात हयगय होणे, यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे असते. वेगवान मोटारींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. त्यांची बैठक जमिनीलगत असते, हवा आत घेणारी नळी बऱ्याचदा खालच्या अंगाला असते आणि इंजिनाकडून साध्या मोटारीपेक्षा अधिक काम घेतलेले असते. अशा वेळी मालकापुढे तीन मार्ग येतात : नवे इंजिन, कारखान्यात पुनर्निर्मित केलेले इंजिन किंवा आहे तेच इंजिन उघडून पुन्हा बांधणे. यांची निवड बहुतेक जण दरपत्रक पाहून करतात. वास्तविक आधी पाहायला हवे ते जुना ब्लॉक कितपत शाबूत आहे, काम मोजून कोण देणार आणि नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांकाचे काय होणार, हे.

तीन शब्द, तीन अर्थ

गॅरेजमध्ये हे तीनही शब्द सैलपणे वापरले जातात. ‘इंजिन नवे करून देतो’ याचा अर्थ पुष्कळदा ‘रिंगा आणि बेअरिंग बदलून देतो’ एवढाच असतो. म्हणून आधी अर्थ स्पष्ट करून घेणे आवश्यक ठरते.

नवे इंजिन म्हणजे उत्पादक कंपनीने तयार केलेले, पूर्वी कधीही न वापरलेले इंजिन. ते पूर्ण जोडलेल्या स्वरूपात मिळते किंवा केवळ ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन एवढाच जोड मिळतो. या दुसऱ्या प्रकाराला गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणतात. त्यात सिलिंडर हेड जुनेच बसवावे लागते. त्यामुळे दर विचारताना ‘हाफ’ की ‘फुल’ हे विचारलेच पाहिजे.

पुनर्निर्मित इंजिन म्हणजे कारखान्यात परत गेलेले जुने इंजिन. ते संपूर्ण सुटे केले जाते, प्रत्येक भाग धुऊन मूळ आराखड्यातील मापांशी ताडून पाहिला जातो, झिजलेले भाग बदलले जातात आणि जोडणीनंतर इंजिन चाचणीमंचावर चालवून पाहिले जाते. ब्रिटनच्या बीएस ८८८७-२ या २००९ मधील मानकाने या शब्दाची व्याख्या काटेकोर केली आहे. वापरलेली वस्तू किमान मूळच्या कार्यक्षमतेला परत आली पाहिजे आणि तिची हमी नव्या वस्तूच्या तोडीची किंवा त्याहून चांगली असली पाहिजे. ही अट पाळली जात नसेल, तर त्या इंजिनाला पुनर्निर्मित म्हणण्यात अर्थ नाही. या व्यवहारात आपले जुने इंजिन कंपनीला द्यावे लागते. ते दुरुस्तीच्या लायकीचे नसेल, तर वेगळी रक्कम आकारली जाते.

बांधलेले इंजिन म्हणजे आपल्याच मोटारीतील इंजिन उघडून, खराब झालेले तेवढे बदलून पुन्हा जोडलेले. भारतात सर्वाधिक प्रचलित मार्ग हाच. त्याचा दर्जा मात्र पूर्णपणे करणाऱ्याच्या हातावर आणि मोजमापाच्या शिस्तीवर अवलंबून असतो. उत्तम बांधलेले इंजिन कारखान्यातून आलेल्या इंजिनाइतके टिकू शकते. निष्काळजीपणे बांधलेले काही महिन्यांत पुन्हा निळा धूर सोडू लागते.

मालमोटारीला जमते, ते मोटारीला का नाही?

इंजिनांचा विषय कर्वेनगर आणि कोथरूड परिसराला नवा नाही. किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना कोथरूडला १९६२ मध्ये सुरू झाला. महर्षी कर्वे यांच्या संस्थेने कर्वेनगरला १९९१ मध्ये मुलींसाठी सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालयही कमिन्सच्याच नावाने ओळखले जाते. पलीकडे वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन व प्रमाणन संस्था आहे.

ज्या कंपनीच्या नावाशी हा परिसर जोडला गेला, ती कमिन्स जगभर ‘रिकॉन’ या नावाने पुनर्निर्मित इंजिने आणि सुटे भाग विकते. टाटा मोटर्सचीही व्यापारी वाहनांसाठी ‘प्रोलाइफ’ ही योजना आहे. मग वेगवान मोटारीच्या मालकाला हा मधला मार्ग सहजी का मिळत नाही?

याचे पहिले कारण रचनेत आहे. मालमोटारीचे किंवा जनरेटरचे मोठे डिझेल इंजिन पुन्हा पुन्हा उघडले जाणार, हे गृहीत धरूनच घडवलेले असते. त्यातील सिलिंडरचे लायनर काढून नवे बसवता येतात. लायनर बदलला की पिस्टनला पुन्हा मूळ मापाची भिंत मिळते. मोटारीच्या छोट्या पेट्रोल इंजिनात वजन आणि जागा वाचवायची असते. तेथे सिलिंडर बहुधा थेट ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. तो झिजला तर बोअर करून थोडा मोठा करायचा आणि ‘ओव्हरसाइज’ पिस्टन घालायचा, एवढाच उपाय राहतो. हे पिस्टन साधारणतः पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठ्या मापात मिळतात. म्हणजे अशी संधी एकदा, फार तर दोनदा.

दुसरे कारण संख्येचे आहे. पुनर्निर्मितीचा कारखाना चालण्यासाठी एकाच प्रकारची शेकडो जुनी इंजिने सतत परत यावी लागतात. फ्रान्समधील रेनॉ कंपनी पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा येथे १९४९ पासून हे काम करत होती, ते तिच्या लाखो मोटारी रस्त्यावर होत्या म्हणूनच. एखाद्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या मोटारींसाठी असा कारखाना उभा राहत नाही. पोर्शे, मर्सिडीज-बेंझ यांसारख्या कंपन्या स्वतःच्या मोटारींसाठी पुनर्निर्मित इंजिने किंवा भाग देतात; परंतु ते बाहेरून मागवावे लागतात. त्यात वाहतूक, आयात शुल्क आणि जुने इंजिन परत पाठवण्याचा खर्च मिळवला, तर परदेशातील छापील दराशी येथील अंतिम आकड्याचा फारसा संबंध उरत नाही.

देशी वेगवान मोटारींची अडचण

भारतात बांधल्या गेलेल्या वेगवान मोटारींकडे पाहिले की हा प्रश्न अधिक उघडा पडतो. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी उघड्या मोटारीत रेनॉचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी अवंती’चे दर्शन २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये घडले. तिच्यातही रेनॉचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. या दोन्ही मोटारींचे उत्पादन आता होत नाही. परंतु त्यांच्या इंजिनाला भावंडे आहेत. सॅन स्टॉर्मचे इंजिन युरोपातील ट्विंगो आणि क्लिओ या मोटारींतही वापरले गेले. मोटार दुर्मीळ असली तरी इंजिन दुर्मीळ असेलच असे नाही, हा त्यातील धडा. सुटा भाग शोधताना मोटारीच्या नावाऐवजी इंजिनाच्या सांकेतिक क्रमांकाने शोध घेतला, तर बंद वाटणारे दार उघडू शकते.

पुण्याच्या रस्त्यांवर याहून अधिक दिसतात त्या येथेच घडलेल्या चपळ मोटारी. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय १०५ अश्वशक्तीच्या १.२ लिटर टर्बो इंजिनासह २०१३ मध्ये आली. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. फियाटने १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आणली. बीएस-६ निकष एप्रिल २०२० मध्ये लागू होण्यापूर्वीच फियाट नावाच्या मोटारी भारतीय बाजारातून गेल्या. मोटारीचे उत्पादन थांबल्यावर तिचे नवे पूर्ण इंजिन मिळणे वर्षागणिक कठीण होत जाते. गॅस्केट, रिंगा, बेअरिंग यांसारखे भाग मात्र तुलनेने अधिक काळ मिळत राहतात. म्हणूनच अशा मोटारींच्या मालकांपुढील निवड कागदावर तीन पर्यायांची असली, तरी व्यवहारात पुष्कळदा ‘कसे बांधून घ्यायचे’ एवढीच उरते.

निर्णय ब्लॉक पाहून

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे इंजिन उघडून नुकसानीची पाहणी. पाण्यात उभ्या असलेल्या, पण चालू न केलेल्या मोटारीचे इंजिन बऱ्याचदा वाचते. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढणे, सर्व ऑइल बदलणे आणि गंज चढण्यापूर्वी हे करणे, यावर भागू शकते. मोटार पाण्यात असताना चावी फिरवली, तर चित्र पालटते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमधील पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. ब्लॉक फुटला असेल, तर बांधणीचा पर्याय जवळपास संपतो. तो शाबूत असेल, तर रॉड, पिस्टन आणि बेअरिंग बदलून बांधणी शक्य असते.

वेगवान मोटारीत आणखी एक बाब तपासावी लागते. अनेक परदेशी इंजिनांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर कठीण धातूचा अतिशय पातळ लेप असतो किंवा मिश्रधातूतच सिलिकॉनचे कठीण कण असतात. असा सिलिंडर नेहमीच्या बोअरिंग मशीनवर चढवला, तर तो पृष्ठभागच नष्ट होतो. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते किंवा लोखंडी स्लीव्ह बसवावी लागते. लोखंडी ब्लॉकची कामे वर्षानुवर्षे उत्तम करणारा कारागीरही या कामासाठी योग्य असेलच असे नाही. काम सोपवण्यापूर्वी ‘या प्रकारचा ब्लॉक पूर्वी केला आहे का’ हा प्रश्न संकोच न करता विचारला पाहिजे.

टर्बो असलेल्या इंजिनात निकामी बेअरिंगचा धातू ऑइलबरोबर टर्बोत, ऑइल कूलरमध्ये आणि नळ्यांत पोहोचलेला असतो. इंजिन नवे बसवले आणि या नळ्या व कूलर तसेच ठेवले, तर उरलेला कीस नव्या इंजिनात उतरतो. एखादे नवे इंजिन अल्पावधीत बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. त्यामुळे पहिले इंजिन कशाने गेले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरे बसवू नये.

जुन्या इंजिनाची बांधणी करताना इंधनाचाही विचार हवा. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून देशात टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचले. त्याआधीच्या काळातील मोटारींच्या इंधनमार्गातील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी घडवलेल्या नसतात. इंजिन उघडलेच आहे, तर हे भाग इथेनॉल सोसणारे घालणे शहाणपणाचे.

मोजमापाचा कागद मागा

पुण्यात नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे, तर मुंढव्यातील भारत फोर्ज क्रँकशाफ्ट जगभर पाठवते. शहरात भागांची किंवा कौशल्याची वानवा नाही. वानवा आहे ती लेखी नोंदींची.

इंजिनातील खेळ मिलिमीटरच्या शतांशांत असतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांतील अंतर सामान्यतः तीन ते पाच शतांश मिलिमीटर असते. माणसाचा केसही याहून जाड असतो. फोर्ज्ड पिस्टन उष्णतेने अधिक प्रसरण पावतात, म्हणून त्यांना थोडे जास्त अंतर द्यावे लागते. ही मापे बोटाने किंवा डोळ्याने घेता येत नाहीत. तेव्हा इंजिन बांधून घेताना प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली किती, तो गोल आहे की लंबगोल, क्रँकच्या जर्नलचे माप काय, हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे सारे कामापूर्वी आणि कामानंतर कागदावर लिहून मागावे. वेगाने फिरणाऱ्या इंजिनासाठी क्रँक, रॉड आणि पिस्टन यांचे वजन संतुलित केल्याची नोंदही हवी. अनेक आधुनिक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते नवे घातल्याचे बिलात दिसले पाहिजे.

जो कारागीर हा कागद देतो, त्याचे दर थोडे जास्त असू शकतात. पण तोच कागद पुढे हमीचा आधार आणि मोटार विकताना पुरावा ठरतो. तोंडी हमीला इंजिन पुन्हा उघडण्याची वेळ आली की काही अर्थ उरत नाही.

क्रमांक बदलला की नियम लागू

या तीन पर्यायांतील एक महत्त्वाचा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. आपलेच इंजिन बांधून घेतले, तर क्रमांक तोच राहतो. नवा किंवा पुनर्निर्मित ब्लॉक बसवला, की क्रमांक बदलतो आणि नोंदणी पुस्तकातील नोंद खोटी ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलासाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत त्याची माहिती नोंदणी पुस्तकासह द्यावी लागते. मोटार कर्जावर असेल, तर वित्तसंस्थेची लेखी संमती आधी घ्यावी. मूळच्याच प्रकारचे इंजिन बसवणे आणि अधिक ताकदीचे वेगळेच इंजिन बसवणे यांत कायदा फरक करतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

स्वस्त म्हणून भंगारातील मोटारीचे इंजिन घेणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. मूळ मोटारीचे नोंदणी पुस्तक, ती मोडीत काढल्याचा कागद आणि रीतसर बिल नसेल, तर ते इंजिन चोरीचे नाही हे सिद्ध करणे खरेदीदाराच्या गळ्यात पडते.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी आणखी एक विचार आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशा मोटारीत मूळ क्रमांकाचे इंजिन बांधून घेणे केवळ काटकसरीचे नाही. तिची ओळख त्यावर टिकून असते.

विमा काय देतो?

साध्या सर्वंकष विमा पॉलिसीत पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेले नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन संरक्षण’ हे जादा हप्त्याचे कलम घ्यावे लागते. जुन्या मोटारीच्या धातूच्या भागांवर घसारा कापला जातो. दहा वर्षांपुढील मोटारीला तो ५० टक्के असतो. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर मोटार पूर्ण नुकसानीत काढली जाते. नव्या इंजिनाचे दरपत्रक ही मर्यादा ओलांडू शकते आणि बांधणीचे दरपत्रक तिच्या आत राहू शकते. मोटार वाचवायची असेल, तर सर्वेक्षकाला कोणते दरपत्रक दिले जाते, यालाही महत्त्व येते. इंजिन क्रमांक बदलल्यास विमा कंपनीला तसे कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी, अन्यथा पुढच्या दाव्यात अडथळा येतो.

निवड करताना

* मोटार हमीच्या काळात किंवा फारशी जुनी नसेल, ब्लॉक फुटला असेल आणि कंपनीकडे इंजिन उपलब्ध असेल, तर नवे इंजिन.
* कंपनी अधिकृतपणे पुनर्निर्मित इंजिन देत असेल, लेखी हमी नव्याइतकी असेल आणि आयातीसह एकूण खर्च पटत असेल, तर पुनर्निर्मित इंजिन.
* ब्लॉक शाबूत असेल, उत्पादन थांबले असेल किंवा मूळ क्रमांक जपायचा असेल, तर बांधणी. मात्र मोजमापाच्या कागदासह.
* कोणताही पर्याय निवडला तरी रेडिएटर, ऑइल कूलर आणि नळ्या धुतल्याची किंवा बदलल्याची खात्री करावी.
* पहिले हजार किलोमीटर इंजिन फार ताणू नये आणि ऑइल व फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा.
* पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीची चावी फिरवू नये. ती ओढून गॅरेजमध्ये न्यावी.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. टोइंगच्या खर्चात कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि ब्लॉक वाचू शकतात. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली की मुठेकाठच्या रहिवाशांनी मोटार उंचावर नेऊन ठेवली, तर नवे, पुनर्निर्मित की बांधलेले, हा पेच निदान पाण्यामुळे तरी उभा राहणार नाही.